व्हर्टस जीटी मॅन्युअल घेऊ की डीएसजी? भाऊ, आधी गाडी कुठे रेंगाळते ते सांगा

भाऊ, मला तुमचा प्रश्न समजला तो असा. फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी प्लस घ्यायची पक्की आहे, १.५ टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन, आता सहा गिअरची मॅन्युअल की सात गिअरची डीएसजी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक, यावर घरात अन् दोस्तांत दोन पार्ट्या पडल्या आहेत. राहणं मोर्शी तालुक्यात, संत्र्याचा बगीचा, आठवड्यातून तीन-चार चकरा अमरावतीच्या, महिन्याकाठी एखादी चक्कर समृद्धीने संभाजीनगरची, अन् मधूनमधून बाबाही चालवतील. त्यात भर म्हणून यादी आहे: सतरा इंची अलॉय, गाडी खाली बसवणारे स्प्रिंग, फटाके फोडणारा सायलेन्सर अन् स्टेज वन रिमॅप, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं. मी आधी नागपूरला एका कंपनी वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्सच्या कामावर होतो, आता तालुक्याच्या जागी स्वतःचं गॅरेज आहे. जळालेल्या क्लचचा वास मला घरच्या फोडणीपेक्षा जास्त ओळखीचा आहे, म्हणून थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

तुम्हाला सगळे एकच विचारून राहिले की गाडी पळवणार कुठे. मी म्हणतो पळवायचं सोडा, रेंगाळणार कुठे ते सांगा. समृद्धीवर १०० किंवा १२० ला सुटलेल्या गाडीला मॅन्युअल काय अन् डीएसजी काय, दोन्हीत क्लच पूर्ण लागलेला असतो, कोणाला काही त्रास नाही, उलट या इंजिनात हलक्या लोडवर दोन सिलिंडर आपोआप बंद होतात तर पेट्रोलही वाचते. कायद्याने तिथे कारची हद्दच १२० ची आहे. गिअरबॉक्सचं आयुष्य ठरते ते तुमच्या वावरापासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या पांदणीत, नोव्हेंबर-डिसेंबरात आंबिया बहाराच्या संत्र्याचे ट्रक मंडीसमोर उभे असतात त्या गर्दीत, जिनिंगपुढे कापसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते तिथे, आठवडी बाजाराच्या दिवशी गावातून निघताना, अन् अमरावतीत इतवाऱ्यात. दिवसाचे शंभर किलोमीटर चालली अन् त्यातले तीनच किलोमीटर असे असले तरी क्लच घासते ती त्या तिनातच.

आधी एक गोष्ट बाजूला काढू, नाहीतर डोकं तिथेच अडकते. मॅन्युअल म्हणजे खरा ड्रायव्हर अन् ऑटोमॅटिक म्हणजे म्हाताऱ्याची गाडी, हे आता राहिलं नाही. बीएमडब्ल्यूची एम२ घ्या, ४६० हॉर्सपावरची आली होती ती. कंपनीच्याच आकड्यात शून्य ते शंभर ऑटोमॅटिकला ४.१ सेकंद अन् मॅन्युअलला ४.३. २०२५ मध्ये भारतात आलेली गोल्फ जीटीआय नुसत्या डीएसजीत आली, ऑक्टाव्हिया आरएसचंही तेच. म्हणजे टाइम पाहिजे असेल तर गिअर बदलायच्या बाबतीत मशीन माणसाच्या पुढे गेली आहे, मान्य करा अन् मोकळे व्हा. मॅन्युअल घ्यायचं कारण असलंच तर ते दुसरं आहे, खाली येतेच.

आता डीएसजीच्या आत काय चालते ते समजून घ्या, कारण शोरूमवाला पोट्टा तुम्हाला स्टिअरिंगमागचे गिअर बदलायचे पॅडल शिफ्टर दाखवेल, हे नाही सांगणार. आत दोन क्लच असतात. एकावर १, ३, ५, ७ हे गिअर, दुसऱ्यावर २, ४, ६ अन् रिव्हर्स. तुम्ही दुसऱ्यात चालत असता तेव्हा तिसरा आधीच लावून तयार असतो, फक्त एक क्लच सुटतो अन् दुसरा धरतो, म्हणून झटका कळत नाही. लय भारी काम आहे, त्यात वाद नाही. पण व्हर्टसच्या १.५ मध्ये जो डीएसजी येतो तो ड्राय क्लचचा आहे, म्हणजे त्या प्लेटा तेलात बुडालेल्या नसतात, आपल्या साध्या गाडीसारख्या कोरड्याच असतात. गोल्फ जीटीआय अन् ऑक्टाव्हिया आरएसमध्ये येतो तो वेट क्लचचा, तिथे तेल उष्णता ओढून नेते. कोरड्याला हवेशिवाय कोणी नाही.

गाडी ड्राइव्हमध्ये टाकून ब्रेक सोडला की ती हळूहळू सरकते ना, त्या सात-आठच्या स्पीडच्या खाली क्लच पूर्ण लागलेलाच नसतो. कम्प्युटर हाफ क्लचवर गाडी ओढत असतो. दोन फूट सरकली, थांबली, परत दोन फूट. प्रत्येक वेळी घासणी अन् प्रत्येक वेळी गरमी. पुण्यातही हेच होते, पण आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४५ असते, बोनेटखाली किती असेल विचार करा, वरून एसी फुल, चार माणसं अन् डिक्कीत संत्र्याचे दोन क्रेट. ताव खाल्लेला क्लच मग पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर करतो, रिव्हर्स घेताना धक्का देतो. ही थरथर सुरू झाली की समजायचं काम सुरू झालं.

ही काही माझ्या मनाची भीती नाही. २०१३ साली फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांत याच प्रकारच्या सात गिअरच्या डीएसजीमधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरून दिलं होतं. कारण कंपनीनेच सांगितलं होतं, गरम अन् दमट हवेत सतत थांबत-चालत गाडी चालली तर गिअरबॉक्सच्या विजेच्या पुरवठ्यात बिघाड होऊ शकतो. तेव्हापासून त्या बॉक्समध्ये बरीच सुधारणा झाली, आज माझ्याकडे येणाऱ्या नव्या गाड्यांत तेवढा त्रास दिसत नाही, हेही खरं सांगतो. पण क्लच आजही कोरडाच आहे अन् ऊन आजही तेवढंच आहे.

मग मॅन्युअलचा क्लच जळत नाही का? जळतो ना बाप्पा, दणकून जळतो. माझ्याकडे येणारे जास्त क्लच मॅन्युअलचेच असतात. फाटकावर चढाला गाडी हाफ क्लचवर धरून उभे राहणारे, गिअर लावून क्लचवर पाय ठेवून गप्पा मारणारे, सगळे आहेत. फरक एवढाच की मॅन्युअलमध्ये तो पाय तुमचा आहे. वास आला की तुम्हाला कळते, न्यूट्रल करता, बाजूला घेता. अन् दुसरा फरक जास्त मोठा, तो आपल्या भागासाठी. मॅन्युअलची क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग हे काम अमरावतीत सामान मागवून कोणीही बरा मिस्त्री करून देतो. डीएसजीचा क्लच बदलल्यावर त्याला स्कॅनर लावून ॲडॅप्टेशन करावं लागते, म्हणजे नवा क्लच कम्प्युटरला ओळखवावा लागतो, मेकॅट्रॉनिक म्हणजे गिअर बदलणारं कंट्रोल युनिट उघडायचं असलं तर त्याचा माणूस वेगळा, त्याची हत्यारं वेगळी, तालुक्याच्या जागी ते होत नाही. मीही करत नाही, फ्लॅटबेडवर टाकून नागपूरला पाठवतो. अन् फ्लॅटबेडच म्हणतो आहे बरं का. डीएसजी गाडी रस्त्यात बंद पडली की ट्रॅक्टरला दोर बांधून गावापर्यंत ओढत आणायची नाही, धक्का मारून तर ती सुरूच होत नाही. तुमच्या गावापासून कंपनीचं वर्कशॉप किती दूर अन् ते टोइंग इन्शुरन्समध्ये आहे की नाही, हे पिकअपच्या आकड्याआधी विचारा.

आता मी जे टाळत होतो ते सांगतो, डीएसजी कुठे जिंकते. मोर्शी-अमरावती रस्त्यावर संत्र्याच्या ट्रकमागे तुम्ही ६० ने अडकले, समोर चारशे मीटर रस्ता मोकळा दिसला, अन् ओव्हरटेक करायचं आहे. या इंजिनाचा २५० न्यूटन मीटर टॉर्क १६०० ते ३५०० आरपीएममध्ये मिळतो, १५० पीएस पॉवर ५००० च्या वर. मॅन्युअलवाला चौथ्यातून तिसऱ्यात टाकेल अन् जाईल, त्याला गिअर आधीच ठरवता येतो म्हणून सरळ निघतो. डीएसजीवाला नुसता डी मध्ये असला तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर एक क्षण बॉक्स विचार करतो, सातव्यातून खाली येतो, मग सुटतो. तो क्षण समोरून एसटी येत असताना लय मोठा वाटतो. पण ओव्हरटेकच्या आधीच एस म्हणजे स्पोर्ट मोडमध्ये टाकली किंवा पॅडलने तिसरा घेतला तर डीएसजी मॅन्युअलपेक्षा पुढे, हातही स्टिअरिंगवरून हलत नाही. म्हणजे सवय लावून घेणाऱ्याला डीएसजी वाईट नाही. चिखलदऱ्याच्या घाटात उतरतानाही तेच, पॅडलने दुसरा-तिसरा धरून ठेवा, इंजिन गाडी अडवते, ब्रेक तापत नाहीत. डी मध्ये सोडून नुसत्या ब्रेकवर घाट उतरणारे पाहिले की मला त्यांच्या मागे गाडी चालवायची भीती वाटते.

बाबांचं काय. हे तुम्ही प्रश्नात शेवटच्या ओळीत लिहिलं, पण माझ्या हिशोबाने ते पहिल्या ओळीत पाहिजे होतं. बाबा कधीमधी म्हणजे दिवाळीत मामाच्या गावाला जायला, की रोज सकाळी मोर्शीच्या मार्केटात? गुडघ्याचा त्रास आहे का? बाबा रोज चालवणार असतील तर गर्दीतलं रेंगाळणं त्यांच्याच हातून होणार, अन् ज्यांचा हात आयुष्यभर मॅन्युअलवर बसला ते ऑटोमॅटिकमध्ये एक गोष्ट हमखास करतात, चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर थोडा दाबून गाडी उभी ठेवतात. ड्राय क्लचला यापेक्षा वाईट काही नाही. त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: थांबायचं तर ब्रेकवरच, समोरच्या गाडीच्या मागे इंच-इंच सरकायचं नाही, थोडी जागा होऊ द्यायची अन् मग एकदम जायचं, फाटक लागलं तर सरळ न्यूट्रल अन् हँडब्रेक. घराच्या रॅम्पवर रिव्हर्स चढवायचा असला तर एका दमात, चार वेळा मागेपुढे करून नाही.

याच व्हर्टसमध्ये १.० टीएसआय इंजिनाला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर येतो, तोही ऑटोमॅटिकच, पण वेगळ्या जातीचा. तिथे इंजिन अन् गिअरबॉक्सच्या मधात तेल असते, सरकताना जी घासाघीस व्हायची ती तेलात होते, त्यामुळे गर्दीत अन् उन्हात तो बॉक्स भल्ला दणकट आहे. पण पॉवर ११५ पीएस अन् टॉर्क १७८. अन् इथेच एक फसगत होते ती ऐका, जीटी लाइन नावाची जी गाडी आहे, काळी-काळी, दिसायला एकदम जीटी, तिच्यात इंजिन हेच १.० आहे. जीटी प्लस म्हणजे १.५. बुकिंगच्या कागदावर इंजिनाचे सीसी पाहा, ९९९ की १४९८, नाव पाहू नका. ह्युंदाईच्या आय२० एन लाइनचंही असंच, एन लाइन म्हणजे परदेशात मिळते ती पूर्ण एन गाडी नाही, १२० पीएसचंच इंजिन आहे. पण तिथे निदान सस्पेन्शन थोडं कडक केलं आहे अन् चारही चाकांना डिस्क आहे, नुसता स्टिकर नाही मारला.

डिस्कवरून आठवलं. तुम्ही जीटी प्लस स्पोर्टचे लाल ब्रेक कॅलिपर पाहून खूश झाले आहात. ते कॅलिपर लाल रंगवलेले आहेत, मोठे केलेले नाहीत, अन् मागे तर ड्रमच आहे. दिसायला छान, मला पण आवडतात, पण त्यासाठी जास्त पैसे देताना ब्रेक चांगले मिळाले असं समजू नका. उलट कंपनीच्या यादीत आपल्या भागासाठी खरं कामाचं काय असेल तर ते हवेशीर सीट. हसू नका. एप्रिल-मे मध्ये दुपारी दोन वाजता अमरावतीहून निघालेला, पाठ घामाने चिकटलेला ड्रायव्हर ओव्हरटेकचा अंदाज चुकवतो. सनरूफ मात्र आपल्या उन्हात मला कधीच समजला नाही.

रिमॅपचं उत्तर सोपं आहे. या ड्राय डीएसजीची ताकद कंपनीने २५० न्यूटन मीटरपर्यंतची ठरवली आहे. तुमचं इंजिन कंपनीतून निघतानाच २५० देते. म्हणजे जागा शिल्लकच नाही. त्यावर स्टेज वन मारून तीनशेच्या आसपास नेलं तर पहिले काही महिने तुम्ही दोस्तांना पिकअप दाखवाल, मग क्लच तुम्हाला दाखवेल. मॅन्युअलमध्येही क्लच सरकायला लागतोच, आरपीएम चढतो पण गाडी तेवढी पळत नाही, फक्त तिथे बिल कमी येते. दोन्हीकडे वॉरंटी गेली, अन् आजकाल वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला की सॉफ्टवेअर बदललेलं दिसून येते, परत मूळ टाकलं तरी. सायलेन्सर अन् स्प्रिंगचं कायद्यानेच जमत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने बनवली त्यापेक्षा वेगळी करता येत नाही अन् सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये तेच धरलं. उद्या ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाला तुमच्या स्प्रिंगकडे बोट दाखवायला मोकळा. अन् कायदा सोडा हो, कंपनी रिकाम्या गाडीचा क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची उंची, १७९ मिलिमीटर सांगते, पाच माणसं बसली की तो बराच खाली येतो, पांदणीत मधली माती उंच अन् दोन्ही बाजूला चाकोऱ्या, तिथे तुम्ही गाडी अजून खाली बसवून काय नांगरट करणार आहात काय?

सतरा इंची अलॉयबद्दल थोडा हिशोब करा. कंपनीचा टायर २०५/५५ आर१६, म्हणजे टायरची भिंत जवळपास ११३ मिलिमीटर. २१५/४५ आर१७ टाकला की ती ९७ वर येते. दीड सेंटिमीटर रबर कमी झालं. चांगल्या रस्त्यावर वळणात मजा येईल, पण पावसाळ्यानंतरचे आपले खड्डे तुम्हाला माहीत आहेत, त्यात अलॉयची कड वाकते अन् टायरला फुगा येतो. तो फुगा घेऊन समृद्धीवर काँक्रीटवर १२० ने, मे महिन्यात? नको. त्याऐवजी हेच पैसे त्याच साइजच्या चांगल्या टायरमध्ये टाका, कंपनीचे घासले की. व्ही स्पीड रेटिंगचा पाहा, टायरवर शेवटचे चार आकडे पाहा, पहिले दोन आठवडा अन् नंतरचे दोन वर्ष, दोन वर्षं दुकानात पडलेला टायर घेऊ नका. समृद्धीवर जायच्या दिवशी हवा सकाळी टायर थंड असताना तपासा, अन् गरमीत टायर फुटेल म्हणून हवा कमी ठेवायची ही जी समजूत आहे ती साफ उलटी आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो अन् तोच फुटतो. गाडीवरच्या स्टिकरवर कंपनीने प्रेशर लिहून ठेवलं आहे, भरलेल्या गाडीचं वेगळं दिलं आहे, तेवढं ठेवा.

तर मी तुमच्या जागी असतो तर? बाबा खरंच कधीमधीच चालवणार असतील तर १.५ मॅन्युअल, बाकी गाडी जशी आली तशी. डीएसजीचे लाख-दीड लाख जे वाचतात त्यातून टायर अन् जेवढ्या वर्षांची मिळेल तेवढी एक्स्टेंडेड वॉरंटी. बाबा रोज चालवणार असतील अन् गुडघा दुखत असेल तर डीएसजी घ्या, पण पूर्ण वॉरंटीसकट अन् रिमॅपचा विषय कायमचा बंद करून. अन् बाबाच जास्त चालवणार, तुम्ही फक्त महिन्यातून एकदा संभाजीनगरला, असं असेल तर मन घट्ट करून १.० चा टॉर्क कन्व्हर्टर चालवून पाहा, समृद्धीवर १२० ला तोही आरामात जातो. मन मानणार नाही, मला माहीत आहे.

बुकिंगआधी एक करा. टेस्ट ड्राइव्ह सकाळी रिकाम्या बायपासवर घेऊ नका, तिथे सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. दुपारी तीनला मागा, घरचे तिघं सोबत बसवा, एसी फुल, राजकमल चौकाकडून इतवाऱ्यात घाला अन् वीस मिनिटं नुसती गर्दीत चालवा. मग लगेच, गरम असतानाच, एखाद्या चढावर रिव्हर्स घेऊन पाहा. थरथर, धक्का, उशीर काय जाणवते ते पाहा. नंतर मॅन्युअल त्याच रस्त्याने, त्याच वेळी. बाबांनाही दोन्हीत अर्धा-अर्धा रस्ता बसवा स्टिअरिंगवर. शोरूमवाला कुरकुर करेल, करू द्या, पैसे तुमचे आहेत. मग बाबा काय म्हणाले अन् ते आठवड्यातून किती दिवस चालवतील तेवढं कळवा, अन् तुमच्या पांदणीचा एक फोटो टाका, क्लिअरन्सचं त्यावरून पक्कं सांगतो.